मसूरला गाडी वळवू नका

अकरा मारुतींची सहल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी नेली आहे. पुण्याहून पहाटे निघायचं, साताऱ्यात नाश्ता, आणि तारळी जिथे कृष्णेला मिळते त्या उंब्रजला महामार्ग सोडायचा. उंब्रजचा मारुती झाला की उजवीकडे चाफळ, शिंगणवाडी, माजगाव. मग परत येऊन महामार्ग ओलांडायचा आणि कृष्णेचा पूल पार करून मसूर गाठायचं. मसूरला दर्शन, चहा, आणि गाडी वळते, कारण शहापूर, बहे, शिराळा, पारगाव, मनपाडळे अजून उरलेले असतात. पावसाळ्यात याच उंब्रजवरून सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याकडे गाड्यांची रांग लागते. उंब्रज म्हणजे पश्चिमेला वळायचं ठिकाण, ही आपल्या धंद्याची जुनी सवय आहे. पूर्वेला आपण फार तर मसूरपर्यंत जातो.

मसूरच्या पुढे शामगावचा घाट आहे. तो चढलात की नदीकाठचा ऊस मागे राहतो आणि खटाव तालुका सुरू होतो. पुढे माण, आणि सांगली जिल्ह्यात शिरलं की खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे उरतं त्यावर जगणारा हा मुलूख. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. मुरमावर वीतभर माती, तीत कुसळी, मारवेल, पवन्या; मध्येच एखादा हिवर, बोर, बाभळ, तरवडाची झुडपं. हा माळ आपल्या माहितीपत्रकांत कुठेच नसतो. असला तर 'दुष्काळी भाग' म्हणून दोन देवळांमधल्या प्रवासात येतो, आणि तेवढ्या वेळात गाडीत अंताक्षरी घेतली जाते.

माळ हा सहलीचा मुक्काम असायला हवा, असं मला या वेळी आग्रहाने सांगायचं आहे.

पहिली अडचण आपल्या डोक्यातली आहे. सरकारी दप्तरात माळ बहुधा 'पडीक' म्हणून नोंदलेला असतो, आणि आपणही तो शब्द मुकाट्याने उचलला आहे. इथे पूर्वी दाट जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ झाला, असं आपले मार्गदर्शक पर्यटकांना बिनदिक्कत सांगतात. 2025 साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या कथा-गीतांमधले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले आणि ते कोणत्या जागेचे आहेत हे तपासलं. त्यांतली बरीच झाडं आजच्या माळावरचीच निघाली. पश्चिम महाराष्ट्रातला हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षं तरी असाच आहे, हा त्यांचा निष्कर्ष. ज्या काळात महानुभावांचे ग्रंथ लिहिले जात होते, त्या काळीही इथे गवतच होतं. गाडीतल्या माईकवरून सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

दुसरी अडचण वेळेची. काही वर्षांपूर्वी मी खटावकडून माणकडे जाताना एका धनगर वाड्याजवळ थांबलो होतो. वाडा म्हणजे उघड्यावर मांडलेला संसार: घोड्यावरून उतरवलेलं सामान, जाळीत कोकरं, राखणीची कुत्री, घोंगडी. सवयीने मी विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? म्हातारबाबांनी उलट मलाच विचारलं, "किती दिस राहनार हायसा?" मी म्हणालो, तासभर. "मग काय न्हाई," ते म्हणाले, आणि कोकरांकडे वळले.

ते उत्तर माझ्या मनातून गेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मी त्याच भागात दोन रात्री राहिलो. पहाटे धुकं विरताना चंडोल गात उभा वर चढतो, तो सूर्य वर आल्यावर थांबतो. आठ-नऊच्या सुमारास भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांना पंख लागतील इतक्या खालून तरंगत जातात. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून ते आपल्या माळावर हिवाळा काढायला येतात. दुपारी काही म्हणजे काही दिसत नाही. ऊन कलल्यावर धाविक पळताना दिसतो, पखुर्ड्या पाण्यावर उतरतात, खोकड बिळाच्या तोंडाशी येऊन बसतं. अंधार पडल्यावर दूर लांडग्यांचा आवाज आला तेव्हा वाड्यावरची कुत्री आधी गप्प झाली आणि मग एकदम भुंकायला लागली. आणि आकाश! पुण्या-मुंबईच्या मुलांनी आकाशगंगा पुस्तकातच पाहिलेली असते. एका तासाच्या थांब्यात यातलं काहीच हाताला लागलं नसतं. म्हातारबाबा बरोबर बोलले होते.

म्हणून माळाची सहल आखताना दुपार माळावर घालवू नका, सकाळ-संध्याकाळ माळाला द्या, आणि एका जागी किमान दोन रात्री काढा. आपल्या नेहमीच्या कार्यक्रमात दुपारीही काहीतरी भरावं लागतं, नाहीतर ग्राहक कुरकुरतो. इथे वारसा कामाला येतो, कारण या भागातला वारसा बराचसा छपराखाली आहे.

औंधचं श्री भवानी संग्रहालय घ्या. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली बांधलेल्या या इमारतीत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे, हे अजून पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नाही. वर डोंगरावर यमाई. पण औंध दाखवून परत फिरू नका. औंध संस्थानाचा एक तुकडा तुटक, दूर माळापलीकडे होता, तो आटपाडी महाल. गांधीजींच्या सल्ल्याने 1939 साली औंधने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, आणि त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'चं मूळ तिथे आहे. त्या चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले: जन्म शेटफळ्याचा, गाव माडगुळं, दोन्ही आटपाडी तालुक्यात. धाकटे बंधू व्यंकटेश यांनी 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' लिहिलं ते याच माळाविषयी. औंधहून मायणीमार्गे आटपाडीला जाणारी गाडी म्हणजे एका संस्थानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी गाडी. तो प्रवास असा सांगितला तर मधला माळ 'मधला' राहत नाही. वाटेत मायणीचा तलाव आहे, येरळवाडी आहे. पाणी बेताचं असलं तर हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात. पण रोहित दिसतीलच असं छापून ग्राहकाला शब्द देऊ नका. एका आयोजकाने तसं केलं होतं, आणि त्याच्या पाहुण्यांनी पक्षी नाहीत म्हणून तलावाकाठी भांडण मांडलेलं मी पाहिलं आहे.

गोंदवले आणि शिखर शिंगणापूर तुम्हाला मी सांगायला नकोत; भूषणगड, महिमानगड, वारुगडही नकोत.

तारखा मात्र पंचांग पाहून ठरवा. पावसाळ्यात माळ हिरवा असतो, पण त्याचं खरं रूप दिवाळीनंतरचं, गवत पिवळं पडल्यावरचं. आणि जत्रांचा हंगामही नेमका तोच. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. पौषात पालीला, म्हणजे उंब्रजच्या अगदी शेजारी तारळीकाठी, खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. खरसुंडीला पौषात आणि चैत्रात खिलार जनावरांचा बाजार भरतो. आटपाडी महालाचा खिलार ही या मुलखाची शान. ते बैल बघायला आलेल्या शेतकऱ्यांमध्ये तासभर नुसतं उभं राहणं, दात कसे पाहतात, रुमालाखाली बोटांनी भाव कसा ठरतो ते पाहणं, हा कुठल्याही संग्रहालयाइतका मोठा अनुभव आहे. यात्रेच्या मुख्य दिवशी पाहुण्यांची बस नेऊ नका, आदल्या दिवशी न्या.

जेवणात पनीर नको. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा, हुलग्याचं माडगं, शेंगोळी. हे शिजवणाऱ्या घरांशी आधी बोला, दर ठरवा आणि रोख द्या. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालापासून आहे; त्याखाली नोंद केलेल्या शेतकऱ्याकडे मुक्काम ठेवला तर पैसा गावात राहतो.

आता काही गोष्टी मी विनंती म्हणून नव्हे, अट म्हणून लिहितो आहे.

माळावर झाडं लावायचा कार्यक्रम ठेवू नका. कंपन्यांच्या सहलींत हे हल्ली फार झालं आहे: पाहुणे येतात, खड्डा खणतात, रोपासोबत छायाचित्र काढतात. गवतासाठी घडलेल्या जमिनीत सावली आली की गवत मागे हटतं, आणि माळाच्या जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, चंडोल, धाविक यांची जागा जाते. यावर कुणी सागरेश्वरचं उदाहरण देईल. देवराष्ट्रेजवळचा तो उघडा डोंगर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून हिरवा झाला, आज तिथे अभयारण्य आहे आणि सांबर-काळवीट आहेत. त्या कामापुढे मी मान झुकवतो, आणि यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव पाहून पाहुण्यांना सागरेश्वरला जरूर न्या, असंही सांगतो. पण ते एका डोंगराचं काम होतं. ते प्रत्येक माळावर उतरवायचं म्हटलं तर माळच राहणार नाही.

गाडी वाटेवरून खाली उतरवू नका. लांडग्याच्या मागे कधीच नाही. पिलं असलेली जागा कळली तर ती पाहुण्यांना सांगू नका, चालकालाही नाही. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनखात्याने अलीकडे माळावरची सफारी सुरू केली आहे. ठरलेल्या वाटा आणि सोबत प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक, ही घडी नीट आहे. आपल्याकडे असं काही सुरू होईपर्यंत ती शिस्त आपणच पाळायची. कासचा अनुभव समोर आहे. 2012 साली सह्याद्रीतल्या जागतिक वारशात त्याचं नाव आलं, गर्दी उसळली, मग माणसांच्या संख्येवर मर्यादा आली, कुंपण आलं, आणि पुढे ते कुंपण काढावंही लागलं. गर्दी येण्याआधी मर्यादा ठरवणं सोपं असतं. एका माळावर एका वेळी दोन गाड्या, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आणि धनगर. मेंढरं रस्ता ओलांडत असतील तर इंजिन बंद करा. वाड्यावर जायचं तर आदल्या दिवशी विचारून जा, दहाच्या वर माणसं नेऊ नका, आणि कुणालाही 'जरा नाचून दाखवा' म्हणू नका. गजनृत्य आणि ओव्या बिरोबासाठी असतात. आरेवाडीच्या बनात यात्रेला गेलात तर ते तिथे आपसूक दिसेल. दिवाळीनंतर यातले अनेक वाडे कोकणाकडे आणि बागायती पट्ट्याकडे उतरतात, शेतात मेंढ्या बसवून खताचे पैसे किंवा धान्य घेतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. ही वाट आपल्या कुठल्याही सहलीपेक्षा जुनी आहे. वाटाड्या म्हणून त्यांच्यातल्या तरुणाला घेतलंत तर त्याला शहरी मार्गदर्शकाइतकीच मजुरी द्या. कोणत्या ओढ्यावर संध्याकाळी कोण पाण्याला येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

नुसतं गवत बघायला कोण येणार, असं वाटत असेल तर हे ऐका. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा पट्टा आहे. उत्तर अमेरिकेतला उंच गवताचा प्रेअरी प्रदेश जवळजवळ सगळा नांगराखाली गेला, चार टक्क्यांहून कमी उरला, आणि उरला त्यातला मोठा भाग इथे. कारण साधं आहे: खाली दगड, नांगर चालेना. 1996 साली तिथे राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं, आणि आता माणसं सुट्टी काढून गवत बघायला, त्यातून मैलोन्मैल चालायला येतात. जुन्या पशुपालकाचं 1881 सालचं दगडी घर आणि गोठाही तिथे जपलाय. आपला माळ वाचला तोही मुरमामुळे. पण आता कराडजवळच्या टेंभूहून, म्हणजे आगरकरांच्या गावाहून, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून खानापूर-आटपाडीकडे चाललं आहे. ज्यांच्या पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर विखुरल्या, ज्यांच्या बायका टँकरमागे धावल्या, त्यांच्या शेतात पाणी आलं याचा मला मनापासून आनंद आहे, आणि पाहुण्यांना ते कालवेही दाखवले पाहिजेत. पाण्यामागोमाग डाळिंब येतं, ऊस येतो, माळाला भाव येतो. गायरानाचा तुकडा गावाने राखावा असं वाटत असेल, तर त्या गवतातून गावाला चार पैसे दिसायला हवेत. ते दाखवणं आपल्या धंद्याला जमण्यासारखं आहे.

या हंगामाची बुकिंग उघडण्याआधी एक करा. ग्राहक न घेता, स्वतः, दोघे-तिघे मिळून जा. मसूरला चहा घ्या, पण गाडी वळवू नका. शामगावचा घाट चढा, माळाजवळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री राहा, दुसऱ्या पहाटे सहाच्या आत गवतात जाऊन बसा आणि मोबाईल गाडीत ठेवा. काय दिसलं, काय दिसलं नाही, किती खर्च आला, कुणाला किती दिले, ते आम्हाला लिहून पाठवा. आलेल्या पत्रांतून माळाच्या सहलीचा एक आराखडा आपण मिळून पुढच्या अंकांत छापू.