दहावी पास, संरक्षण नापास

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले आणि देशभर गहजब झाला. रायपूर-भिलाई पट्ट्यातल्या वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियनची गाठ ज्या परवानगीशी पडते, तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

ही परवानगी १९८३च्या उत्प्रवास कायद्यातली. साधारणपणे दहावी न झालेल्याचा पासपोर्ट ‘ईसीआर’ म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ प्रकारचा असतो. सौदी अरेबिया, कतार, कुवेत, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचे, तर त्याला केंद्राच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर मालक, करार, पगार तपासला जातो. शिवाय दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. सरकारी व्यवस्था म्हणून ही वाईट नाही.

दहावी पास झाले, की यातले काहीच सक्तीचे नाही!

म्हणजे आयटीआय केलेला मुलगा परक्या भाषेतला करार वाचतो, दलाल ओळखतो, असे सरकारने गृहीत धरले आहे. या मुलांचीही ई-मायग्रेटवर नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला आणि अमलात येण्याआधीच स्थगित झाला. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या तळांवरून पाचशेहून अधिक भारतीय परत आणावे लागले. चांगल्या नोकरीच्या आमिषाला भुलून गेलेले तरुण त्यांत होते. ते अडाणी नव्हते. संगणक चालवता येतो म्हणूनच तर त्यांना तिथे नेले होते.

सरकार मध्ये पडले म्हणजे सगळे सुरळीत होते, असेही नाही. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पण भाषेची परीक्षा आणि व्हिसा यांना राजकीय घोषणांचा वेग मानवत नाही. तरीही केरळने १९७७ पासून ‘ओडेपेक’ ही सरकारी भरती कंपनी चालवून दाखवली आहे. छत्तीसगढला तशीच भक्कम संस्था हवी आणि तिची खिडकी नवा रायपूरच्या मंत्रालयात नव्हे, आयटीआयच्या आवारात उघडायला हवी. केंद्रानेही २०१८चा गुंडाळलेला आदेश पुन्हा बाहेर काढावा.

तोवर पालकांनीच सावध राहावे. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर पडताळावा. त्याला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि जीएसटी, एवढेच घेता येते. त्याची पावती मागावी. आणि पर्यटक व्हिसावर नोकरी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.