सेवेचाही खोडवा राखावा



या अंकात लागण-खताचा विषय बाजूला ठेवून जरा वेगळे लिहीत आहे. येवल्यातील एका सेवा क्लबाच्या मंडळींनी आपल्या भागात नेत्रशिबिर घेण्यासाठी निधी जमवायला सुरुवात केली आहे. ऊस उत्पादकांनी आपल्या बिलातून टनामागे एक रुपया द्यावा, अशी त्यांची विनंती आहे. गटाच्या बैठकीला गेलो की हल्ली युरियाच्या आधी हाच प्रश्न निघतो, "साहेब, द्यायचा का रुपया?" कोणी म्हणतो, पुण्याचे काम आहे, देऊन टाका. कोणी म्हणतो, त्यांचे फोटो निघायचे आणि पैसा आपला, हे कशाला? निर्णय संचालक मंडळाचा आणि आपला आहे. मला विचाराल तर रुपया द्यावा. पण देण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात.

प्रथम या मंडळींचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. रोटरीची सुरुवात १९०५ साली अमेरिकेत शिकागो शहरात झाली, लायन्सची त्याच शहरात १९१७ साली. रोटरी १९२० साली कोलकात्यात आली आणि लायन्स १९५६ साली मुंबईत. १९२५ साली हेलन केलर या अंध व बहिऱ्या विदुषीने लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम त्यांनी आपले मानले. आपल्याकडे कित्येक म्हाताऱ्या माणसांना अशा शिबिरांमुळे पुन्हा दिसू लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या भागातील काही तरुण सभासदही आता अशा क्लबात जाऊ लागले आहेत. त्यांचे अभिनंदन. गावचा माणूस तिथे बसला तर गावची गरज तिथे बोलली जाईल.

आता दुसरी बाजू. या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवा सचिव, पदग्रहणाचा समारंभ, हार, शाल, श्रीफळ. नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा उपक्रम हवा असतो. एका वर्षी नेत्रशिबिर, पुढच्या वर्षी वृक्षारोपण, त्यानंतर शाळेला बाकडी. यातले एकही काम वाईट नाही. पण लावलेल्या झाडाला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोणी घालायचे? आपल्या तालुक्याच्या राजापूर-ममदापूरकडच्या माळावर हा प्रश्न विचारून बघा. तिथे रोप लावणे सोपे. ते दोन उन्हाळे जगवणे हेच काम.

उसाचेच घ्या ना. लागण उत्साहाने होते. सरी काढली, बेणे चांगले आणले, सगळे बांधावर उभे असतात. खोडव्याला मात्र कोणी विचारीत नाही. पाचट पेटवून दिले, बुडखे छाटले नाहीत, नांग्या भरल्या नाहीत, आणि मग म्हणायचे खोडव्याला उतारा पडत नाही! वास्तविक खोडव्याला पूर्वमशागत आणि बेण्याचा खर्च लागत नाही. जो खोडवा सांभाळतो त्याच्या हातात चार पैसे राहतात. सेवेचेही असेच आहे. पहिले शिबिर म्हणजे लागण. त्यानंतरची देखभाल म्हणजे खोडवा.

हे जमत नाही असे मात्र नाही. पोलिओचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. १९८५ साली रोटरीने जगातून पोलिओ घालविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. १२ कोटी डॉलर जमविण्याचे ठरले होते. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक जमले. पण खरी गोष्ट पैशाची नाही. अध्यक्ष दरवर्षी बदलत राहिले आणि काम तेच राहिले. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. शासन, आरोग्य सेविका, अंगणवाडी ताई, शिक्षक आणि हे क्लब एकत्र आले. वस्ती, वीटभट्टी, उसाचा फड, एसटी स्टँड, कुठलेही मूल सुटू नये म्हणून माणसे पुन्हा पुन्हा फिरली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. दोन थेंब पाजणे ही लागण होती. पंचवीस-तीस वर्षे तेच काम न कंटाळता करणे हा खोडवा होता.

म्हणून नेत्रशिबिराच्या बाबतीत माझ्या सूचना अशा आहेत.

पहिली. पूर्वी शाळेच्या खोलीत खाटा टाकून ऑपरेशने होत आणि माणूस जाड भिंगाचा चष्मा घेऊन घरी येई. आता तसे नाही. गावात तपासणी होते, शस्त्रक्रिया रुग्णालयात होते आणि डोळ्यात भिंग बसवितात. पण ऑपरेशननंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात, धूळ-पाणी जपावे लागते, ठरल्या दिवशी पुन्हा दाखवावे लागते. वस्तीवरच्या आजीला येवल्यापर्यंत कोण नेणार? निधीत फेरतपासणीच्या गाडीचा खर्च आधी धरावा, मंडप आणि फ्लेक्सचा मागाहून.

दुसरी. आपल्या भागात डोळ्याचे दुखणे म्हणजे फक्त मोतीबिंदू नव्हे. तोडणी करताना, पाचट काढताना उसाचे पाते डोळ्याला लागते. बुबुळावर बारीक जखम होते, त्यात बुरशी शिरते आणि डोळा लाल होऊन पांढरा डाग पडतो. लोक तूप घालतात, दूध घालतात, दुकानातून कुठले तरी थेंब आणतात. अशाने डोळा कायमचा जातो. जखमेच्या दिवशीच डॉक्टरांना दाखविले तर बहुधा वाचतो. हे समजावून सांगायला आणि साधे गॉगल वाटायला फार पैसा लागत नाही. शहरातल्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक असेलच असे नाही. ती आपण सांगितली पाहिजे.

तिसरी. नांदगाव, चाळीसगाव, बीडकडून येणारे तोडणी कामगार आपल्या फडात राबतात आणि हंगाम संपला की जातात. शिबिर उन्हाळ्यात ठेवले तर ते गावी गेलेले असतात. हंगामात ठेवले तरी दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? तेव्हा तपासणी हंगामात, कोपीवर आणि संध्याकाळी व्हावी. ज्यांच्या डोळ्याला पाते लागते ते हेच लोक. त्यांना वगळून केलेले शिबिर अर्धवट.

चौथी पैशाची. कायद्याप्रमाणे ऊस तुटल्यावर १४ दिवसांत उसाची किंमत मिळणे हा आपला हक्क आहे. त्या पैशातून परस्पर कपात नको. ज्याला द्यायचे आहे त्याने सही करून संमती द्यावी. ज्याला नाही त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. एकरी ४० टनाने दोन एकर उसाचे होतात ८० रुपये. रक्कम लहान आहे, पण पाच लाख टनांचे पाच लाख होतात, आणि पाच लाखांना हिशेब लागतो. गणेश मंडळालासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मग इथे पावती, स्वतंत्र खाते आणि तपासलेला जमाखर्च मागण्यात संकोच कसला? तो जमाखर्च याच पत्रिकेत छापावा. किती तपासले, किती जणांचे ऑपरेशन झाले आणि त्यातले किती फेरतपासणीला आले, हे तीन आकडे त्याखाली असावेत. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा.

सहकार आपल्याला नवा नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला तो शेअरच्या पैशावर, आणि शेअर घेणारा माणूस प्रश्न विचारतो. देणगीही तशीच द्यावी. किमान तीन वर्षे हेच काम चालवू, अध्यक्ष कोणीही असो, असे क्लबाने लिहून द्यावे आणि देखरेख समितीत आपले दोन सभासद घ्यावेत. त्यांनी हे मान्य केले तर माझ्या गटात संमतीचे अर्ज वाटायला मी स्वतः येईन.

पुढच्या गट बैठकीत हा विषय जरूर काढावा. आणि ज्यांचा ऊस तुटला आहे त्यांनी तेवढे पाचट पेटवू नये, ही नेहमीची विनंती आहेच.

— आपला,
ऊस विकास अधिकारी