पंगत उठल्यावर

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आमच्या हदगावात काय किंवा तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात काय, दुपारचे दृश्य सारखेच असते. काल्याचे कीर्तन संपलेले, हंडी फुटलेली आणि मांडवाखाली महाप्रसादाची पहिली पंगत बसलेली. वाढपी पोरे वरणाच्या बादल्या घेऊन पळत असतात. ज्यांचे वर्षभर एकमेकांशी बोलणे नसते, ते भाऊबंद त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसतात. पंगतीचे असे वर्णन करताना आम्हा मराठी माणसांना भरते येते. मात्र हे वर्णन पंगत बसेपर्यंतचेच असते. मला आज पंगत उठल्यानंतरचे लिहायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावी काल्याला गेलो आणि रात्री तिथेच मुक्काम केला. सकाळी देवळामागे गेलो तर उष्ट्या ताटांचा पुरुषभर उंचीचा ढीग. त्यात पाण्याचे पेले, द्रोण, चहाचे कप. दोन गाई त्यात तोंड घालून उभ्या होत्या. भाताच्या वासाने त्या ताटासकट भात खात होत्या. ढिगाच्या एका कडेला कुणीतरी काडी लावलेली होती आणि काळा, घशाला चरचरणारा धूर हनुमंताच्या कळसावरून गावात पसरत होता. उरलेसुरले पहिल्या पावसात ओढ्याला जाणार, ओढ्याचे पैनगंगेला. आठ दिवस ज्या गावाने नामस्मरण केले, त्या गावाचे नवव्या दिवशीचे हे रूप. संतापून कुणाला बोलावे तर सोय नव्हती. कारण त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या सप्ताहासाठी असल्याच ताटांचे गठ्ठे मी स्वतः बाजारातून रिक्षात घालून आणले होते.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली. थर्माकोल बऱ्यापैकी हटला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच्या जागी आले काय? चकचकीत कागदी ताट आणि कागदी कप. नाव कागदाचे, पण पाणी झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिलेला. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये असे कप तपासले. १०० मिलिलिटर गरम पाणी त्यात पंधरा मिनिटे ठेवले, तर प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण पाण्यात उतरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे टाळकऱ्याला आपण भक्तिभावाने चहा पाजतो, तो असा. बंदी वस्तूवर आली, सवयीवर आली नाही. एकदा वापरायचे आणि पाठ फिरवायची, ही ती सवय.

या विचारात असतानाच माझा भाचा जपानहून आला. कंपनीच्या कामासाठी तो काही महिने तिकडे होता आणि जुलैत क्योटोचा गिओन उत्सव पाहून आला होता. उत्सव मोठा जुना. इसवी सन ८६९ मध्ये साथीच्या रोगाने माणसे मरू लागली, तेव्हा देवाचा कोप शमावा म्हणून सुरू झालेला. आपल्या मरीआईच्या गाड्याची आठवण यावी असाच उगम. त्यात लाकडाचे प्रचंड रथ निघतात. ते खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरांनी बांधतात. मिरवणूक झाली की सोडून ठेवतात आणि पुढच्या वर्षी तेच लाकूड पुन्हा उभे राहते. हजार वर्षे चाललेल्या त्या देवकार्यात कचरा जवळजवळ नाहीच. कचरा आला तो रथांच्या आदल्या रात्री भरणाऱ्या खाण्याच्या दुकानांतून. लाखो माणसे रस्त्यावर उभ्याने खाणार आणि हातातले तिथेच टाकणार. जपानी माणूस कचरा करतच नाही, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. गर्दीत तोही आपल्यासारखाच वागतो.

२०१४ साली तिथल्या मंडळींनी यावर उपाय काढला. धुऊन पुन्हा वापरता येतील अशी सुमारे दोन लाख भांडी भाड्याने आणून दुकानदारांना दिली. रस्त्यात जागोजागी भांडी परत घेण्याची ठिकाणे उभारली आणि तिथे स्वयंसेवक नेमले. त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. "मामा, तिथे खाऊन झाले की आपले भांडे आपणच नेऊन द्यायचे. घेणारी पोरे हसून आभार मानतात, त्यामुळे टाकायला लाज वाटते," असे भाचा म्हणाला.

मी हे आमच्या पारावर सांगितले. अपेक्षेप्रमाणे उत्तर आले, "सर, ते जपान आहे. आपल्याकडे नाही चालायचे."

यावर माझे म्हणणे असे की जपान राहू द्या, नांदेडला चला. हदगावहून एसटीने दीड-दोन तासांचा रस्ता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये आपण सगळेच कधी ना कधी जेवलो आहोत. तिथे स्टीलचे ताट हातात मिळते. जेवण झाले की ते आपण उचलून न्यायचे. पुढे भांडी घासणाऱ्यांची ओळ असते. तिच्यात पंजाबहून मोटारीने आलेला बागायतदार असतो, त्याच्या शेजारी शिकलेली सून असते, म्हातारे असतात, पोरे असतात. उष्टे ताट घासणे ही तिथे सेवा आहे आणि ती मिळावी म्हणून माणसे रांगेत थांबतात. २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीला देशभरातून लोटलेली गर्दी आपण डोळ्यांनी पाहिली. त्या गर्दीलाही लंगर पुरला. तेव्हा गर्दी मोठी म्हणून जमत नाही, ही सबब नांदेड जिल्ह्यातल्या माणसाने तरी सांगू नये.

मग आपल्या पंगतीत हे का जमत नाही? याचे उत्तर अप्रिय आहे. आपल्याकडे जुने लोक पत्रावळीवर जेवत, पळसाची पाने, निसर्गाला अनुकूल, वगैरे आपण कौतुकाने सांगतो. ते खरेच आहे. किनवट-माहूरच्या रानातली पळसपाने बायकांनी काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ खतात जाई आणि चार महिन्यांत माती होई. पण पत्रावळ वापरली जाई ती काही निसर्गप्रेमाने नव्हे. दुसऱ्याने उष्टे केलेले भांडे आपल्या ओठाला लागू नये, हा सोवळ्याचा विचार तिच्यामागे होता. आणि पंगत उठल्यावर ती पत्रावळ उचलायची कोणी, हेही गावाने ठरवून टाकलेले होते. उष्टे काढणे कुणाच्या वाट्याला आले आणि त्या उष्ट्यावर कुणाची लेकरे वाढली, हे दलित आत्मकथनांनी आपल्याला सांगून झाले आहे. जेवणाऱ्याने हात झटकून उठायचे आणि मागचे दुसऱ्याने निस्तरायचे, ही पंगतीची खरी जुनी रीत. कागदी ताटाने ती मोडली नाही, उलट सोयीची केली. आता निस्तरायला माणूसही लागत नाही. गाय, ओढा आणि काडेपेटी पुरते.

या रीतीवर बोट ठेवणारा माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. गाडगेबाबा (१८७६–१९५६) जेवायचे ते स्वतःजवळच्या मडक्याच्या खापरात. गावात शिरले की आधी खराटा, मग कीर्तन. आम्ही त्यांच्या नावाने अभियान काढले, हाती झाडू घेऊन छायाचित्रे काढली. खापर मात्र विसरलो. माझे भांडे माझ्यापाशी आणि ते स्वच्छ करणे माझ्याकडे, एवढाच त्या खापराचा अर्थ.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पारावरचेच एक शेतकरी म्हणाले, "सर, भांडी घासायला पाणी कुठून आणू?" एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात हा प्रश्न थट्टेचा नाही. आमच्या तालुक्याला इसापूर धरणाचा कालवा असला तरी सगळ्या गावांना तो नाही, आणि टँकरच्या पाण्यावर ताटे धुवा असे सांगणारा लेखक गावात टिकणार नाही. म्हणून मी एकच नियम बारा महिन्यांना लावत नाही. श्रावणापासून संक्रांतीपर्यंत पाणी असते. तेव्हा स्टील. चैत्र-वैशाखात पळसाची पत्रावळ, तीही आतून पापुद्रा नसलेली. तिचे पैसे शहरातल्या कारखान्याला न जाता किनवटच्या बाईला मिळाले तर वाईट काय? आणि स्टीलला सुद्धा नळ सोडून बसण्याची गरज नाही. आमची आई राखेने भांडी घाशी आणि दोन घमेल्यांत विसळी. पहिल्या घमेल्यातले पाणी म्हशीला, दुसऱ्यातले आळूला. थेंब वाया जात नसे.

आमच्याच तालुक्यात तामशाला बारालिंगाच्या देवळात संक्रांतीच्या पाठोपाठ भाजी-भाकरीची पंगत होते. भाकरी गावोगावच्या घरांतून येतात आणि भाजी एकत्र शिजते. हजारो माणसे जेवतात. जी भाकरी स्वतःच्या घरच्या तव्यावरून, फडक्यात बांधून आणता येते, तिच्याबरोबर घरचे ताटही आणता येईल, असे मला वाटते. भाकरी आणायला जर कुणाला कमीपणा वाटत नाही, तर ताटाला का वाटावा?

आणि गावची भांडी ही काही नवी कल्पना नाही. माझ्या लहानपणी मारुतीच्या देवळातल्या खोलीत तांब्याची तपेली, पितळी पराती, ताटे असत. लग्न असले की घेऊन जायचे, घासूनपुसून मोजून परत द्यायचे. प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले. 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' अशा ताटात मी किती तरी वेळा जेवलो आहे. बाई कधी पाहिली नव्हती, पण तिचे नाव वरण संपले की ताटाच्या तळाशी दिसे. हल्ली देणगीदाराचे नाव फलकावर लागते आणि फलक पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्रीऐवजी चढतो.

या वर्षी आमच्या सप्ताह समितीच्या बैठकीत मी ताट-पेल्यांचा हा विषय काढला. तीन तास चर्चा झाली. पाचशे स्टीलचे पेले घ्यायचे, असे ठरले. ताटांचे पुढच्या वर्षी पाहू. पेले घासण्यासाठी आळीपाळीने एकेका गल्लीने बसायचे आणि त्यात पुरुषांनीही बसायचे, यावर थोडी कुरकुर झाली, पण पहिले नाव अध्यक्षांनी स्वतःचे घातले. पेल्यांवर नाव कुणाचे कोरायचे, यावर मात्र बैठक अजून चालू आहे.