कचऱ्याची निवड आणि शेताचा जमाखर्च

घरचा कचरा निवडून निराळा ठेविल्यानें सृष्टीचें खरोखर हित होतें काय, असा प्रश्न वारंवार निघतो. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनीं ओला, सुका व घातक असे तीन भाग करण्याचें बंधन घातलें, आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें घरोघरीं निराळे डबे आले. हा शहराचा प्रश्न, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु शहरचा ओला कचरा खत होऊन अखेर शेतांतच यावयाचा. सबब त्याचा निकाल शेतकऱ्यानेंच द्यावा हें योग्य.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, म्हणून आम्ही जमाखर्च मांडतों. भंगारापासून ॲल्युमिनियम करण्यास, खनिजापासून करण्याच्या मानानें, सुमारें ५ टक्केच शक्ति लागते. ही जमा मोठी खरी. पण भंगार व रद्दी योजनेपूर्वींहि भंगारवाले नेतच होते. प्लॅस्टिकचा कस तर दर वितळवणीस उतरतो. योजनेच्या नांवावर खरी नवी जमा ती ओल्या कचऱ्याचीच. तो हवेवांचून ढिगांत कुजला म्हणजे ज्वालाग्राही वायु निघतो. १९२७ पासून भरत आलेला देवनारचा ढीग जानेवारी २०१६ मध्यें पेटला, तो कित्येक दिवस धुमसत होता. तोच कचरा हवा व पाणी राखून कुजविला, तर हॉवर्डसाहेबांनीं १९३१ पर्यंत इंदुरास सिद्ध करून दाखविलें तसें खत होतें.

आतां खर्चाची बाजू. घरीं निराळे केलेले जिन्नस पुढें एकाच गाडींत पडतांना आम्हीं पाहिले आहेत. अशा मिसळीच्या खतांत काचा, पिशव्यांचे तुकडे आणि जुने रंग व बॅटऱ्या यांतील शिसें येतें. काच वेंचतां येते; जमिनींत मुरलेलें शिसें कोण वेंचणार?

तात्पर्य, निवड शेवटपर्यंत टिकली तर हित; वाटेंत मोडली तर केवळ देखावा. शेतकरी बंधूंनीं शहरी खत घेतांना पृथक्करणाचा दाखला मागावा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वयें त्यांत शिसें किलोस १०० मिलिग्रामपेक्षां अधिक असूं नये. खत चाळून पाहावें, आणि पहिल्या वर्षीं गुंठाभर जागेंतच घालून अनुभव घ्यावा. घेणारा चोखंदळ झाल्यावांचून देणारा सावध होत नाहीं. आपण मिसळीचें खत परत धाडूं लागलों, म्हणजे शहरास आपल्या गाडींतहि दोन कप्पे करावे लागतील.