पोलाद वितळते, ज्वाला मात्र कोठेच नाही

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेची. आज त्याच जालन्याची ओळख बांधकामाच्या सळयांनी होते. येथील औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवून पोलाद तयार होते. या भट्टीत ना कोळसा, ना ज्वाला. भंगाराला विजेची तारही जोडलेली नसते. तरीही ते सुमारे १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून पाण्यासारखे वाहू लागते. हे घडते कसे?

याचे उत्तर २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांना गवसले. त्यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. पहिल्या वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्याला जोडलेली सुई क्षणभर हलली. बॅटरी काढताच ती उलट दिशेने हलली. प्रवाह एकसारखा वाहत असताना मात्र सुई स्थिर राहिली. म्हणजेच व्होल्टेज नुसत्या चुंबकत्वाने नव्हे, तर बदलत्या चुंबकत्वाने निर्माण होते. बदल जितका जलद आणि तारेचे वेढे जितके अधिक, तितके व्होल्टेज अधिक. यालाच विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रातील जनित्रात हा बदल फिरत्या चुंबकामुळे घडतो, तर गावोगावच्या रोहित्रांत सतत दिशा पालटणाऱ्या प्रवाहामुळे. भट्टीतही नियम तोच. तिच्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. वीजवाहिनीतील प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात. ती वाढवून काहीशेवर नेली जातात आणि तो प्रवाह या नळीत सोडला जातो. आतले भंगार हेच येथे दुसरे वेटोळे ठरते. त्यात निर्माण झालेल्या व्होल्टेजमुळे धातूच्या अंगातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि धातूच्या विरोधामुळे त्यांची उष्णता होते. एक टन भंगार वितळविण्यास साधारणतः ५०० ते ६०० युनिट वीज लागते. म्हणूनच विजेचा दर हा या धंद्याचा प्राण आहे.

परंतु खरी जोखीम बिलात नाही, पाण्यात आहे. तांब्याची नळी वितळू नये म्हणून तिच्यातून सतत थंड पाणी खेळवावे लागते. ते पाणी आणि उकळते पोलाद यांच्यामध्ये केवळ उष्णतारोधक अस्तराची भिंत असते. ती झिजली आणि पोलाद नळीपर्यंत पोहोचले, तर पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होत असल्याने स्फोट अटळ ठरतो. ओले भंगार किंवा तोंड बंद असलेले सिलिंडर भट्टीत पडले, तरी हाच धोका संभवतो.

प्रवर्तनाचा नियम मालाची निवड करीत नाही. भट्टीत जे पडेल ते तो तापवितो. निवड माणसालाच करावी लागते. भंगार विकणाऱ्याने बंद नळकांडी कापून द्यावीत, घेणाऱ्याने माल कोरडा करून पारखावा आणि कारखानदाराने अस्तर वेळेवर बदलावे. यात वाचविलेले चार पैसे भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेततात.