गाडी उंच करण्याची हौस आणि तिचा हिशेब

ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आली, जून २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी. तेव्हापासून आपल्या वयाच्या पोरांच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: लिफ्ट किती इंचाची घ्यायची? कित्येकदा गाडीचं बुकिंग व्हायच्या आधीच लिफ्ट किट आणि टायर ठरलेले असतात. रील बघून ठरलेले असतात, हे वेगळं सांगायला नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज रस्त्यावर चालणारी गाडी आज आपल्याकडे ज्या पद्धतीने उंच केली जाते, तशी करू नये. त्याच वेळी सरकारनेही या कामाला सरसकट बेकायदेशीर ठरवून हात झटकू नयेत. तपासणी करून परवानगी देण्याची वाट काढावी. या दोन गोष्टी काहींना परस्परविरोधी वाटतील. मला त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात. मी शिकलो मेकॅनिकल, पोटापाण्यासाठी लिहितो सॉफ्टवेअर, त्यामुळे आधी थोडा हिशेब मांडतो.

लिफ्ट काय करते, टायर काय करतो

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे स्प्रिंगच्या वर जाड चकती, म्हणजे स्पेसर बसवणं, किंवा मूळची स्प्रिंग आणि शॉकअप काढून उंच जोडी घालणं. यामुळे बॉडी आणि चेसिस वर जातात. बंपर चढाला घासत नाही, गाडीचं पोट उंचवट्यावर टेकत नाही, मोठ्या टायरला कमानीत जागा मिळते. फायदा खरा आहे.

पण थारच्या मागच्या बाजूला दोन्ही चाकं जोडणारा एकसंध ॲक्सल आहे आणि त्यावर डिफरन्शियलचा गोळा. जिम्नीला तर पुढेमागे दोन्हीकडे असाच ॲक्सल आहे. दगडावर आधी आपटतो तो हाच गोळा, आणि लिफ्टने तो एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तोही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्याने.

उदाहरण घेऊ. थारच्या एका व्हेरिएंटला कंपनी २४५/७५ आर१६ टायर देते. रुंदी २४५ मिमी, तिच्या ७५ टक्के साइडवॉल, आत १६ इंचाची रिम. गणित केलं तर व्यास साधारण ७७४ मिमी येतो. हौसेने २८५/७५ आर१६ घातला तर व्यास होतो ८३४ मिमी. वाढला ६० मिमी, गोळा उचलला गेला ३० मिमी, म्हणजे सव्वा इंचाच्याही आत. हजारो रुपये मोजून खाली मिळालेली जागा एवढीच.

आता दुसरी बाजू. खडबडीत वाटेवर गाडी चालते ती चाकं जमिनीला धरून राहतात म्हणून. खड्ड्यात चाक किती खाली उतरतं, यावर पकड ठरते. स्वस्त स्पेसरने सस्पेन्शनची एकूण हालचाल वाढत नाही. ती वरखाली वाटली गेलेली असते, त्या वाटपात फक्त खालचा वाटा कमी होतो. परिणामी जे चाक आधी खड्ड्याच्या तळाला टेकत होतं, ते आता हवेत लटकून फिरतं. म्हणजे गाडी दिसायला तगडी झाली आणि चढायला कमजोर.

एक आकडा बदलला की

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी एक धडा मिळतो. कोडमधला एखादा आकडा बदलण्याआधी तो कुठे कुठे वापरलाय ते शोधायचं, आणि बदलल्यावर पूर्ण चाचणी पुन्हा घ्यायची. गाडीतला टायरचा व्यास हा असाच आकडा आहे. सगळं त्यावर बेतलेलं असतं.

वरच्या उदाहरणात व्यास पावणेआठ टक्क्यांनी वाढला. त्यामुळे स्पीडोमीटरवर ८० चा वेग दिसतो, तो मूळच्या हिशेबाने ८६ च्या घरात असतो. ब्रेक तेवढेच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे तेवढ्याच दाबाने जमिनीवर मिळणारा जोर सुमारे सात टक्के कमी. पेडल जास्त दाबावं लागतं, ब्रेक जास्त तापतात, आणि भरलेली गाडी घेऊन वरंधा किंवा आंबा घाट उतरताना ते कळतं. इंजिनलाही प्रत्येक गिअरमध्ये जास्त ओढावं लागतं. थार आणि जिम्नीची स्टेपनी मागच्या दारावर असते. तिथे जड टायर लटकवला की दाराच्या बिजागऱ्या कुरकुरू लागतात.

उंची वाढली की थारच्या पुढच्या चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट जास्त तिरक्या कोनात फिरतात. त्यांचे रबर बूट फाटतात, ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि महिन्याभरात वळताना टकटक सुरू. अलाइनमेंट बदलते, स्टिअरिंग सरळ यायला आळस करतं. गाडी घसरू नये म्हणून जी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तिचं सगळं गणित कंपनीच्या उंचीवर आणि कंपनीच्या टायरवर पक्कं केलेलं असतं. बदलानंतर ते पुन्हा कुणी तपासत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गुरुत्वमध्य. गाडी उलटण्याचा धोका मोजण्याचं एक साधं माप अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था वापरते: दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा रुंदी १५० सेंमी आणि गुरुत्वमध्य ७० सेंमीवर. उत्तर १.०७. लिफ्ट आणि टायर मिळून तो मध्य सात सेंमी वर गेला, तर उत्तर ०.९७. वळणावर गाडी उलटवायला जो जोर लागत होता, त्यात नऊ टक्के घट. रस्त्यात अचानक कुत्रं आलं आणि स्टिअरिंग झटकन फिरवलं, तर हेच नऊ टक्के कामी आले असते.

"गाडी माझी, पैसे माझे"

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो, आणि गाडी फक्त मालकाला घेऊन दरीत जाणार असती तर एका मर्यादेपर्यंत मानलाही असता. पण रस्ता माझा नाही. मोहल्ल्यातली गल्ली तर नाहीच नाही. तिथे शाळेतून येणारी मुलं असतात, हातगाडीवाले असतात, अम्मीला मागे बसवून दवाखान्यात निघालेला स्कूटरवाला असतो.

पुन्हा थोडं गणित. चालकाचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर, बॉनेटची पुढची कड १.१ मीटर उंच आणि डोळ्यापासून दोन मीटर पुढे, असं धरू. एक मीटर उंचीचं मूल, म्हणजे चारेक वर्षांचं, बॉनेटच्या अर्धा मीटर पुढेपर्यंत चालकाला दिसतच नाही. गाडी आठ सेंमी उचला. डोळाही वर जातो, बॉनेटही, आणि न दिसणारी जागा अर्ध्या मीटरवरून जवळपास नव्वद सेंटीमीटरवर जाते. आपल्याला वाटतं, उंच बसलो की जास्त दिसतं. लांबचं दिसतं, पायाजवळचं हरवतं.

हेडलाइट उचलले जातात आणि लिफ्टनंतर त्यांचा कोन खाली करून घ्यायचा कुणी विचार करत नाही. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत तो लखलखाट जातो. धडक झालीच, तर उंचावलेला बंपर छोट्या गाडीच्या बंपरला न भेटता तिच्या बॉनेटवर किंवा दारावर आदळतो. दिसण्याचा आनंद आपला, जोखीम दुसऱ्याची. माझा आक्षेप इथे आहे.

एक उत्तर असंही मिळतं की पुराच्या वेळी अशी गाडी लोकांच्या कामी येते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडने जे भोगलं ते पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट हसण्यावारी नेता येणार नाही. पण पाण्यात गाडी किती जाऊ शकते हे इंजिन हवा कुठून घेतं, यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतं, आणि लिफ्टमुळे पाण्याचा जोर कमी होत नाही. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं की दोन फूट वाहतं पाणी एसयूव्हीसह बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं. पुरात कामी येते ती बोट, दोर आणि आधी केलेली तयारी.

कायदा काय म्हणतो, आणि कुठे कमी पडतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते. लिफ्ट बसवून देणारा यातलं काही सांगत नाही.

कायद्याचा हेतू बरोबर आहे, पण प्रत्यक्षात काय होतं? किट उघड विकले जातात, उघड बसवले जातात. कारवाई झाली तर झाली. काम चांगलं की वाईट, हे पाहणारं कुणीच नाही. टिकाऊ स्प्रिंग घालून अलाइनमेंट, हेडलाइट, शाफ्ट सगळं नीट करणारा मिस्त्री आणि लेथवर कापलेला लोखंडी तुकडा ठोकून देणारा, दोघेही कायद्याच्या नजरेत सारखेच. मग मेहनत कोण घेईल?

हे मला टोचतं, कारण तो मिस्त्री आपल्यातला आहे. आपल्या किती तरी वस्त्यांमध्ये गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग, टायरचं दुकान यांवर घरं चालतात. उस्तादच्या हाताखाली पाना धरत शिकलेल्या पोराकडे विलक्षण कसब असतं, पण कागद नसतो. अपघात झाला की मालक वकील करतो आणि बोट दाखवलं जातं गॅरेजकडे. कागद नसलेलं कसब कायम असंच उघड्यावर राहतं.

वाट काढता येत नाही असं नाही. आपल्याच देशात सीएनजी किट बसवता येतं: किट मान्यताप्राप्त, बसवणारं केंद्र मान्यताप्राप्त, आणि नंतर आरसीवर नोंद. अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करण्याची तरतूदही कायद्यात आहे. जर्मनीत असे बदल तज्ज्ञ संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवले जातात. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेच्या पुढे गाडी उंच करायची तर मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि वेगात लेन बदलताना ती कशी वागते याची चाचणीही घेतली जाते.

आपल्याकडे वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. सीएनजीला जे जमलं, ते लिफ्टला का जमू नये? उंचीची छोटी मर्यादा ठरवा. किटची चाचणी घ्या. मिस्त्रींसाठी आयटीआयमध्ये छोटा अभ्यासक्रम आणा, त्यात अनुभवाला मान द्या. बदलाची नोंद आरसीवर आणि विम्यावर होऊ द्या. मर्यादेबाहेर जाईल त्याला मग खुशाल दंड करा. ही मागणी गाडीवेड्यांनी केली तर लोक हसतील. अभियंते, गॅरेजवाले आणि रस्त्यावर चालणारे नागरिक यांनी एकत्र येऊन केली तर ती ऐकावी लागेल.

तोपर्यंत

तोपर्यंत कंपनीची उंची राहू द्या. पैसे खर्च करायचेच असतील तर कंपनीने दिलेल्याच आकाराचे चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. मजबूत टो हुक, दोर, छोटा कॉम्प्रेसर घ्या. वाळूत किंवा चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की तोच टायर पसरून कितीतरी जास्त पकड देतो; फक्त डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. आणि एखाद्या जाणत्या माणसाकडून दोन दिवस गाडी चालवायला शिका. अडकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना उंची नाही, चालकाची समज कमी पडलेली असते.

ज्यांची गाडी आधीच उंच झाली आहे, त्यांनी निदान या आठवड्यात हेडलाइटचा कोन खाली करून घ्यावा, अलाइनमेंट तपासावी, शाफ्टचे बूट पाहावेत, मोबाइलच्या जीपीएसशी स्पीडोमीटर ताडून घ्यावा. आणि गल्लीतून गाडी बाहेर काढण्याआधी खाली उतरून एकदा पुढे कुणी आहे का ते बघावं. याला पैसे लागत नाहीत.