रस्सा आला, भाकरी राहिली

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता मंचर ओलांडून नारायणगाव, आळेफाट्याकडे सरकू लागला की दुतर्फा लागलेल्या पाट्यांवर एका पदार्थाचे नाव वारंवार दिसू लागते. तो पदार्थ म्हणजे मासवडी. नावात मासा असला तरी पदार्थ निखळ शाकाहारी. बेसन शिजवून त्याची पोळी थापायची, तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे भाजलेले सारण तिच्यात भरायचे, वळकटी करून तिला माशाच्या पोटासारखा आकार द्यायचा आणि मग वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या घराघरांत पाहुण्याच्या मानासाठी रांधले जाणारे हे जेवण आता हमरस्त्यावर विकत मिळते, आणि ते खाण्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून वाकडी वाट करून येतात. यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ते पाटीपासून ताटापर्यंतच्या प्रवासात.

मासवडीचे जेवण वाट पाहणारे नव्हे. रस्सा उकळता हवा, भाकरी तव्यावरून उतरलेली हवी आणि दोन्ही एकाच वेळी ताटात हवीत. बाजरीची भाकरी दहा मिनिटांत आपला मऊपणा सोडते आणि पुढे कडक होत जाते. रस्सा निवला की त्यावरचा तेलाचा तवंग जड होतो, मसाल्याचा वास बसतो. रस्सा आधी आणि भाकरी पंधरा मिनिटांनी आली, तर आचाऱ्याने सकाळपासून केलेली मेहनत मातीमोल होते. जेवणारा मग घरी जाऊन सांगतो, “मासवडी काही खास नव्हती.” वास्तविक मासवडी चांगलीच असते. बिघडलेले असते ते वाढप. स्वयंपाकघरातून ताटापर्यंतचे वीस पावलांचे अंतर हासुद्धा पाककृतीचाच एक भाग आहे, ही गोष्ट घरात वाढणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. हॉटेलच्या मालकाला मात्र ती क्वचितच ठाऊक असल्याचे दिसते.

एखाद्या रविवारी किंवा संकष्टीला दुपारी दीडच्या सुमारास या रस्त्यावरचे चित्र पाहावे. ओझरच्या विघ्नेश्वराचे दर्शन घेऊन, लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून-उतरून आलेली कुटुंबे टेबलाशी बसलेली असतात. टेबलावर आधीच्या गिऱ्हाइकाचे खरकटे. ते पुसायला येणाऱ्या फडक्याने टेबल अधिक ओले आणि अधिक कळकट होते. पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, “बाटली की साधे?” हा असतो, आणि ‘साधे’ म्हटल्यावर पाण्याचा जग यायला जो वेळ लागतो त्यात उत्तराची शिक्षा दडलेली असते. एकाचे ताट येते, चौघांची येत नाहीत. ज्याचे आले तो संकोचाने जेवत नाही, आणि सगळ्यांची येईपर्यंत त्याचे निवून जाते. मुले कांदा-लिंबावर तुटून पडतात. यात विनोद शोधता येईल. पण जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेऊन बसलेल्या सत्तरीच्या गृहस्थाला अर्धा-पाऊण तास ताटकळत ठेवणे हा विनोद नव्हे. त्याच्या हाताला कापरे सुटते, घाम फुटतो, आणि त्याची सून गल्ल्यापाशी जाऊन निदान एक वाटी भात आधी द्या म्हणून विनवते. तिला मिळणारे उत्तर ठरलेले असते: “येतंय, ताई.”

या साऱ्याचा राग सहजच त्या बावीस वर्षांच्या वाढप्यावर निघतो. तो बहुधा पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या एखाद्या वाडीतून आलेला असतो, नाहीतर थेट उत्तर भारतातून किंवा नेपाळातून. मागणी घेणारा तोच, टेबल पुसणारा तोच, पाणी आणणारा तोच, भाकरीसाठी तव्यापाशी भांडणारा आणि बिल आणून देणाराही तोच. बारा टेबलांना एक माणूस असे गणित ज्याने मांडले, तो मात्र गल्ल्यावर बसून नोटा मोजत असतो. दर्शनी हिरवळ, कारंजे, मावळ्यांचे पुतळे, फोटो काढण्यासाठी सजवलेली बैलगाडी यांवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या मालकाला आणखी दोन वाढपी ठेवणे परवडत नाही, हे कोणी मानावे? खर्च दिसेल तिथेच करायचा, ही वृत्ती आहे. हिरवळ रस्त्यावरून दिसते. वेळेवर आलेली भाकरी रस्त्यावरून दिसत नाही.

वाढप्याच्या पोटापाण्याचा विचार केल्यावाचून त्याच्याकडून हसतमुख सेवेची अपेक्षा धरणे हा दांभिकपणा होय. हॉटेल व उपाहारगृह या व्यवसायाला महाराष्ट्रात किमान वेतनाचा नियम लागू आहे. परंतु दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा राज्याचा कायदा आला तेव्हा तो प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि रस्त्याकडेच्या कित्येक हॉटेलांत माणसे मोजायची म्हटली तर ती नेमकी नऊच भरत! एके काळी याच कामावर दहा-बारा वर्षांचे पोरगे असे. ‘पोऱ्या’ या नावाने हाक मारलेली ती मुले कपबशा विसळत मोठी झाली. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले व घरकाम यांत मुले ठेवण्यास कायद्याने मज्जाव झाला आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना जवळजवळ सर्वच कामे बंद झाली. ही मोठीच गोष्ट घडली. मात्र पोऱ्याच्या जागी प्रौढ माणूस आला तरी त्या जागेची किंमत पोऱ्याचीच राहिली. ना शिकवणे, ना साप्ताहिक सुट्टी, ना झोपायला धड जागा. अशा माणसाने ताट आदळले तर नवल ते काय?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी सेवा ही जेवणावरची मेहेरबानी नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा अधिक दराने देण्याची मुभा दिली. कारण असे की, हॉटेलात येणारा माणूस केवळ बाटली विकत घ्यायला येत नाही. बसण्याची जागा, वातावरण, वाढप हे सारे मिळून त्याला दिले जाते. पुढे ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास मनाई केली. त्या मनाईला लगेच स्थगिती मिळाली आणि अखेर २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. या दोन निर्णयांचा एकत्र अर्थ लावला तर तो स्वच्छ आहे. सेवेचे दाम जेवणाच्या दरातच धरलेले असते. मग ज्याने दाम घेतले त्याने ती द्यायलाच हवी. हे निवाडे महानगरांतील बड्या उपाहारगृहांवरून झाले असले तरी ग्राहकाचा हक्क नारायणगावच्या वेशीवर येऊन संपत नाही.

आश्चर्य याचे वाटते की, ज्या मुलखात हे घडते तो मुलूख वाढण्याच्या बाबतीत अडाणी नाही. हरिनाम सप्ताहाच्या सांगतेला, गावच्या जत्रेला किंवा लग्नाच्या मांडवात याच गावांतील तरुण शेकडो माणसांची पंगत तासाभरात उठवतात. आमटीच्या बादल्या घेऊन धावणारे वेगळे, भाकरीवाले वेगळे, पाण्याचे वेगळे, आणि ओळीच्या टोकाला उभे राहून कोणाच्या पत्रावळीत काय कमी आहे हे न्याहाळणारा एक जाणता वेगळा. आमटी निवण्यापूर्वी भाकरी पोचते. म्हाताऱ्या माणसाला आधी वाढले जाते. “सावकाश होऊ द्या” असे म्हणणारा कोणीतरी असतोच. यावर मालकमंडळी म्हणतील की पंगतीत एकच बेत असतो, सगळे एकदम बसतात, आणि वाढणारे फुकट राबतात; धंद्याला हे कसे लागू पडावे? आक्षेप अगदीच चूक नाही. चाळीस पदार्थांचे कार्ड आणि केव्हाही येणारे गिऱ्हाईक यांची पंगतीशी तुलना होत नाही. परंतु कामाची वाटणी तर उचलता येईल? भाकरीवर एक माणूस, रश्श्यावर एक, आणि दालनात उभे राहून केवळ पाहणारा एक. चाळीस पदार्थांपैकी तीस पदार्थ कार्डावरून काढून टाकले तरी मासवडीसाठी आलेल्या माणसाचे काहीएक बिघडणार नाही. उलट तव्यावरच्या बाईला उसंत मिळेल.

गिऱ्हाईकही धुतल्या तांदळासारखे नाही. चुटकी वाजवून ‘ए’ म्हणून हाक मारणारा, दुपारी चार वाजता येऊन दहाजणांसाठी गरम भाकऱ्या मागणारा, मुलांनी टेबलावर मांडलेला राडा तसाच टाकून उठणारा शहरी पाहुणा वाढप्याच्या मनात कोणती माया उत्पन्न करील? तरीही दोघांत जबाबदारी सारखी वाटता येणार नाही. एकजण पैसे देऊन उठून जाणारा आहे, दुसरा पैसे घेऊन बसलेला.

बेपर्वाई पोसली जाते ती गिऱ्हाईक परत येणार नाही या खात्रीवर. अष्टविनायकाचा यात्रेकरू वर्षातून एकदा येतो. श्रावणात भीमाशंकरला जाणारी गर्दी घोडेगाव, डिंभे मार्गे येते आणि रात्रीपर्यंत पांगते. एसटीचा उतारू तर बंदिवानच. गाडी जिथे थांबेल तिथे त्याने खावे, आणि गाडी कुठे थांबेल हे त्याच्या भुकेवर ठरत नाही. राज्यभरातल्या अशा थांब्यांवरील अस्वच्छता, शिळे अन्न आणि चढे दर यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२५ साली खुद्द परिवहनमंत्र्यांना त्यांच्या तपासणीचे आदेश द्यावे लागले. आता मात्र परिस्थिती पालटते आहे. मंचर, नारायणगाव येथे बाह्यवळण रस्ते झाले आणि नाशिकची गाडी गावात न शिरता निघून जाऊ लागली. वाट सोडून आत यायचे ते आता केवळ चांगल्या अनुभवाच्या आठवणीने. मोटारीत बसल्या बसल्या मागच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय वाचणारा प्रवासी पाटी पाहून थांबत नाही.

जुन्नरला शासनाने २०१८ मध्ये पर्यटन तालुका घोषित केले. शिवनेरी, नाणेघाट, लेणी, धरणांचे जलाशय, खोडदची महादुर्बीण अशी संपत्ती फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला येते. घोषणेनंतर चर्चा झाली ती रस्ते, फलक, रज्जुमार्ग यांची. आलेल्या माणसाला जेवू कोण आणि कसे घालणार, हा विषय कोणाच्या अजेंड्यावर आल्याचे ऐकिवात नाही. आणि विनोद असा की, याच शिवनेरीच्या पोटातील लेण्यांत एक ब्राह्मी शिलालेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील तो लेख सांगतो की, चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. दूरदेशीच्या माणसाने इथे येऊन दान काय द्यावे, तर जेवायला बसण्याची जागा!

नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. द्राक्षाच्या छाटणीपासून फवारणीपर्यंत अनेक गोष्टी अशा केंद्रांतून शेतकऱ्याला हाताने करून दाखवल्या जातात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले तेव्हापासून शेतावर पाहुणे उतरवणारी कुटुंबेही या भागात वाढली आहेत, आणि तिथे घरची माणसे वाढतात म्हणून जेवणाची तक्रार सहसा येत नाही. अशा घरांतील दोन अनुभवी बायकांना मानधन देऊन हॉटेलच्या पोरांसाठी आठ दिवसांचा वर्ग चालवणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. हॉटेलमालकांनी त्या आठ दिवसांचा पगार मात्र कापता कामा नये.